रेडिएशननंतर मूत्रमार्ग आकसला आहे : पुन्हा दुर्बिणीतून कापावे की दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेऐवजी लाईट (रेडिएशन) व हार्मोनची इंजेक्शने असा उपचार झाला. कॅन्सर आटोक्यात आला, पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठीची रक्ततपासणी) आजही ०.३ च्या आसपास आहे, आणि त्याबद्दल त्या डॉक्टरांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. मात्र दोन वर्षांपूर्वी लघवीची धार बारीक होऊ लागली. वयाचा भाग म्हणून अप्पांनी ते अंगावर काढले. पुढे एका रात्री लघवी पूर्ण तुंबली आणि त्यांना तातडीने दवाखान्यात न्यावे लागले. तिथे दुर्बिणीतून आकसलेला भाग कापला. काही महिने बरे गेले, पुन्हा तुंबली, पुन्हा कापले, आणि आता तिसऱ्यांदा तीच वेळ आली आहे. सध्या बेंबीखाली पोटातून नळी घातलेली असून कमरेला पिशवी बांधलेली आहे.

दवाखान्यातून दोनच वाटा सांगितल्या आहेत : पुन्हा कापणे, नाहीतर ही नळी कायमची ठेवून दर महिन्याला बदलत राहणे. कोल्हापूरच्या आमच्या आतेभावाचे म्हणणे असे की, गालाच्या आतले अस्तर काढून मूत्रमार्गाची दुरुस्ती करता येते. हे आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा "लाईट घेतलेल्या माणसाला ते जमत नाही" एवढेच उत्तर मिळाले. अप्पा अजूनही रोज शेतावर जातात, पण पिशवीमुळे देवळातल्या हरिपाठाला जायचे त्यांनी सोडले आहे. कुणी काही बोलत नसतानाही ते मागे, दाराशी बसू लागले होते, आणि मग तेही बंद झाले.

रेडिएशननंतर अशी दुरुस्ती खरोखर होत नाही का? झाल्यास लघवीवरचा ताबा जाईल का? कुठे जावे, आणि खर्चाचे काय? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहावे.

युरोसर्जन, बेळगाव यांचे उत्तर

नमस्कार. मी बेळगावात युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ आहे. वडिलांना न तपासता आणि कागद न पाहता नेमका सल्ला देणे योग्य होणार नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठीच सविस्तर लिहितो.

पडल्याने मार बसून किंवा जंतुसंसर्गामुळे मूत्रमार्ग आकसतो तो आजार वेगळा आणि रेडिएशनमुळे आकसतो तो वेगळा, हे आधी लक्षात घ्यावे. रेडिएशनने कॅन्सरच्या पेशी मरतात, परंतु त्याच टापूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर हळूहळू जाड होत जाते, वाहिन्या अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो आणि मऊ मांसाच्या जागी चिवट, तंतुमय व्रण तयार होतो. शेवटची लाईट घेतली म्हणून ही क्रिया थांबत नाही. ती वर्षानुवर्षे आतल्या आत चालू राहते, आणि म्हणूनच पाच-सात वर्षांनी, कधी दहा वर्षांनंतरही त्रास डोके वर काढतो. आकसण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. प्रोस्टेटच्या लगेच खाली, जिथे मूत्रमार्ग कटितळाच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंतून बाहेर पडतो, तिथेच तो अरुंद होतो. आणि दुर्दैवाने लघवी धरून ठेवणारा बाहेरचा स्नायूही तिथेच असतो. पुढच्या सगळ्या निर्णयांतली अडचण या शेजारामुळे येते.

दुर्बिणीतून कापले की वाट लगेच मोकळी होते, हे खरे आहे. पण कापलेली जखम नीट भरून यायला रक्त लागते आणि तेच तिथे कमी असल्यामुळे जखमेच्या जागी नवा व्रण धरतो. रेडिएशनच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पहिल्याच कापण्यानंतर पुन्हा त्रास होतो, आणि प्रत्येक पुढच्या खेपेला यशाची शक्यता घटत जाते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१६ साली काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दुर्बिणीचा उपाय एकदा फसल्यावर तोच पुन्हा पुन्हा न करता रुग्णासमोर युरेथ्रोप्लास्टीचा, म्हणजे मूत्रमार्गाच्या खुल्या दुरुस्तीचा, पर्याय ठेवावा असे सांगितले आहे. तेव्हा "लाईट घेतलेल्या माणसाला जमत नाही" हे म्हणणे आज ग्राह्य धरता येणार नाही. अवघड आहे, निवडक रुग्णांतच करावे, आणि रोज हे काम करणाऱ्या हातांनीच करावे, एवढे मात्र नक्की.

त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. पहिली गोष्ट म्हणजे कॅन्सर खरोखर शांत आहे का. रेडिएशननंतर पीएसए जो सर्वांत खालचा आकडा गाठतो, त्यापेक्षा २ ने किंवा अधिक वाढला तर आजार परतला असे धरतात. तुम्ही दिलेल्या आकड्यावरून तशी चिन्हे दिसत नाहीत, तरी आधीचे सगळे रिपोर्ट एकत्र लावून पाहावेत. दुसरी गोष्ट मूत्राशयाची. रेडिएशन मूत्राशयालाही पोळते. ते आखडून त्यात जेमतेम शंभर मिलिलिटर लघवी मावत असेल, तर मूत्रमार्ग कितीही सुंदर दुरुस्त केला तरी माणूस दर पंधरा मिनिटांनी संडासाकडे धावत राहील. म्हणून पोटातल्या नळीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहणे आणि त्याची धारणक्षमता मोजणे मी अत्यावश्यक मानतो. तिसरी गोष्ट, आकसलेल्या भागाची लांबी. यासाठी खालून मूत्रमार्गातून आणि वरून नळीतून असे दोन्ही बाजूंनी औषध सोडून एकाच वेळी एक्स-रे काढतात. खालूनच काढलेल्या एक्स-रेमध्ये आकसलेल्या भागाचे वरचे टोक बहुधा दिसत नाही आणि लांबीचा अंदाज चुकतो.

पोटातली नळी सध्या तुमच्या फायद्याची आहे. शेवटचे कापणे किंवा वाट रुंद करायला सळई घालणे झाल्यानंतर मूत्रमार्गाला सहा ते आठ आठवडे पूर्ण विश्रांती मिळाली, तर व्रण स्थिरावतो आणि खरी लांबी कळते. या काळात कुणीही "एकदा खालून नळी घालून बघू" म्हटले, तर नम्रपणे नकार द्यावा.

शस्त्रक्रियेत वृषणाच्या मागे, बैठकीच्या भागात छेद घेऊन मूत्रमार्गापर्यंत जातात. आकसलेला भाग दोनेक सेंटीमीटरपर्यंत असेल तर तो पूर्ण काढून दोन निरोगी टोके एकमेकांना शिवतात. रेडिएशनच्या रुग्णांत ही पद्धत शक्य असेल तर मला अधिक भरवशाची वाटते. लांबी जास्त असल्यास गालाच्या आतले अस्तर लावतात. त्या अस्तराला स्वतःची रक्तवाहिनी नसते. सुरुवातीचे दिवस ते ज्या जागेवर शिवले आहे तिच्याकडूनच पोषण घेते. जागाच रेडिएशनने निस्तेज झालेली असेल तर अस्तर रुजत नाही. अशा वेळी मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस नावाचा लांबट स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून खाली आधाराला आणतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखत गालाचे अस्तर लावण्याची जी पद्धत रूढ केली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या भागापासून पुणे फार लांब नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

अनुभवी केंद्रांच्या अहवालांत, काही वर्षांच्या पाठपुराव्यात, वाट मोकळी राहण्याचे प्रमाण साधारणपणे ७० ते ९० टक्के दिसते. ताब्याबद्दल मात्र मी आशा वाढवणार नाही. मूत्राशयाच्या मुखाशी असलेली आतली झडप रेडिएशनने किंवा आधीच्या कापण्याने दुबळी झालेली असू शकते, आणि बाहेरचा स्नायू शस्त्रक्रियेच्या अगदी जवळ असतो. काही रुग्णांना वाट मोकळी झाल्यावर प्रथमच गळती सुरू होते, कारण आजवर ती आकसलेली जागाच लघवी अडवून धरत होती. गळती त्रासदायक असेल तर कृत्रिम झडप बसवता येते : मूत्रमार्गाभोवती एक पट्टा, वृषणाच्या पिशवीत एक छोटा पंप आणि पोटात द्रवाचा एक फुगा. रेडिएशन घेतलेल्यांत ही झडप मूत्रमार्गात रुतण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, तिचा खर्च काही लाखांत जातो, आणि दुरुस्त केलेली वाट काही महिने टिकल्याची खात्री झाल्याशिवाय ती बसवू नये. हे सगळे शस्त्रक्रियेआधी अप्पांना स्वतःला, त्यांच्या भाषेत, शांतपणे सांगितले गेले पाहिजे. मुलांनी परस्पर ठरवू नये.

तंबाखू वखारीतला, निपाणी यांचे उत्तर

मला हीच शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहितो. माझे वय ६८. रेडिएशननंतर चौथ्या वर्षी मूत्रमार्ग आकसला. माझा आकसलेला भाग लहान होता, त्यामुळे तो काढून टोके जोडली; गालाचे अस्तर लागले नाही. तरी डॉक्टरांनी आधी माझे तोंड नीट तपासले होते. आमच्या निपाणी भागात तंबाखू आणि गुटख्याने कित्येकांचे तोंड पुरते उघडत नाही, गालाचे अस्तर पांढरे आणि ताठ झालेले असते, आणि तसे अस्तर दुरुस्तीच्या कामाचे राहत नाही असे त्यांनी समजावून सांगितले. वडिलांना मिश्री किंवा पानाची सवय असेल तर ती आजच थांबवा. विडीही थांबवा, भूलतज्ज्ञ त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारतात.

शस्त्रक्रियेनंतर तोंडाचा त्रास मला नव्हता, बसण्याचा होता. पहिला आठवडा कुशीवरच काढला. खालची नळी तीन आठवडे ठेवली होती. ती काढण्यापूर्वी तिच्या कडेने औषध सोडून एक्स-रे काढला आणि टाक्यांतून गळत नाही ना हे पाहिले. नळी काढल्यावर पहिली धार आली तेव्हा मी आत उभा होतो आणि बाहेर माझा मुलगा दाराला कान लावून होता. एका तबकडीत लघवी करायला लावून वेगाचा आलेख काढतात. आधीचा माझा आलेख बसक्या पठारासारखा, एका रेषेत सरपटणारा होता. नंतरचा उंच चढून उतरलेला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता ताब्याचे. डॉक्टरसाहेबांनी लिहिले आहे ते माझ्या बाबतीत खरे ठरले. खोकलो, खुर्चीतून उठलो की थेंब सुटतात. दिवसाला दोन पॅड लागतात. कटितळाचे व्यायाम सातत्याने केल्यावर थोडे सुधारले, पूर्ण थांबले नाही. कृत्रिम झडपेचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला, कारण पॅडवर माझे भागते. पण पिशवी गेली. एसटीने कोल्हापूरला जातो, लग्नाच्या पंगतीला बसतो. मला पुन्हा विचारले तरी मी हाच निर्णय घेईन. तुमच्या वडिलांना पॅड चालणार आहेत का, हे त्यांनाच विचारा. काहींना पिशवीपेक्षा गळतीचीच धास्ती जास्त वाटते, आणि तसे वाटणेही रास्त आहे.

लेक कडोलीची यांचे उत्तर

माझ्या बाबांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, म्हणून लिहिते आहे. त्यांचाही मूत्रमार्ग आकसला होता, पण मोठा त्रास रक्ताचा होता. लघवीतून रक्ताच्या गाठी पडायच्या, त्या अडकून लघवी बंद व्हायची, मग तीन तोंडांची जाड नळी घालून रात्रंदिवस पाण्याने मूत्राशय धुवावे लागायचे. दुर्बिणीतून रक्तस्रावाच्या जागा जाळल्या, तुरटीच्या द्रावणाने धुतले, तेवढ्यापुरते थांबायचे. एका मोठ्या दवाखान्यात तर आम्हाला महिनोन्‌महिने फक्त रक्त चढवून घरी पाठवले आणि पुढे काय, याचा ताकास तूर लागू दिला नाही. शेवटी दुसरीकडे तपासले तेव्हा मूत्राशय लिंबाएवढे आखडले असल्याचे कळले. दुरुस्तीला जागाच उरली नव्हती. मूत्राशय काढून, रेडिएशनच्या टापूबाहेरच्या आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर लघवीची वाट केली. ऐकताना फार भयंकर वाटते. पण रक्त थांबले, वेदना थांबल्या आणि बाबांना रात्रभर झोप लागू लागली. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, मूत्राशयाची तपासणी झाल्याशिवाय मूत्रमार्गाच्या दुरुस्तीची तारीख घेऊ नका.

खर्चाबद्दल जे माहीत आहे ते सांगते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र लागते. ते कन्नडमध्ये असते. पुण्याला किंवा मिरजेला जाणार असाल तर सोबत इंग्रजी डिस्चार्ज कार्ड आणि रेडिएशनचा तपशीलवार कागद हवाच, ज्यात एकूण डोस आणि किती वेळा दिले ते लिहिलेले असते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. आपले गाव त्या यादीत आहे का, कोणते दाखले लागतील आणि ही विशिष्ट शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे तिकडच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) जाण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. दोन राज्यांच्या मध्ये आपल्या माणसांची अशी ओढाताण होते, आणि ती आजारपणात जास्त टोचते.

पिशवीबद्दल एक. दिवसा मांडीला बांधायची छोटी पिशवी मिळते, ती धोतराखाली दिसत नाही. नळीच्या भोवतालची जागा रोज साध्या साबणाने धुऊन कोरडी ठेवली आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली, तर वास येत नाही. शस्त्रक्रिया होईपर्यंत तरी तुमच्या अप्पांना हरिपाठाला जाता येईल.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. सगळे छापून अप्पांना वाचून दाखवले. निपाणीच्या काकांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि "पॅड चालतील मला" असे स्वतःहून म्हणाले. मांडीची पिशवी बेळगावहून मागवली आहे. दोन्ही बाजूंनी एक्स-रे आणि मूत्राशयाची तपासणी इथे करून घेऊन मग पुण्याला दाखवायचे ठरले आहे.

दोन शंका उरल्या. अप्पांच्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. शिवाय अधूनमधून शौचावाटे रक्त पडते. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी ते मूळव्याध असेल, दुर्बिणीतून पाहून तुकडा तपासायला पाठवू, असे सुचवले आहे. ते आधी उरकून घ्यावे का?

युरोसर्जन, बेळगाव यांचे उत्तर

हे विचारलेत ते फार बरे झाले. शौचावाटे पडणारे रक्त हा बहुधा त्याच रेडिएशनचा गुदाशयावर झालेला परिणाम असतो, कारण प्रोस्टेट आणि गुदाशयाची पुढची भिंत एकमेकींना खेटून असतात. दुर्बिणीतून पाहायला हरकत नाही. या वयात रक्त पडत असेल तर वरचे मोठे आतडे पाहिलेच पाहिजे. परंतु पुढच्या भिंतीवरच्या रेडिएशनच्या जखमेचा तुकडा काढणे किंवा ती जागा जास्त जाळणे धोक्याचे आहे. ती जखम भरत नाही, आणि तिथून गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यात आरपार भोक पडू शकते. मग लघवी शौचाच्या वाटेने येते, लघवीतून हवेचे बुडबुडे किंवा मळ येतो, आणि दुरुस्तीसाठी आधी पोटावर शौचाची वाट काढून नंतर मांडीचा स्नायू मध्ये घालण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती रेडिएशनचा कागद तपासणीच्या आधी द्या आणि पुढच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी युरॉलॉजिस्टशी बोलावे, अशी स्पष्ट विनंती करा. मूळव्याधीसाठी इंजेक्शन किंवा रबर बँड सध्या नकोच. वर सांगितलेल्या बुडबुड्यांसारखे काही आताही दिसत असेल, तर पुण्याच्या पहिल्या भेटीतच सांगा, कारण मग सगळा आराखडा बदलतो.

लघवीतून रक्त पडण्याचा त्रास उद्या सुरू झाला, तर उच्चदाब प्राणवायूचा (बंद कक्षात जास्त दाबाखाली प्राणवायू देण्याचा) एक उपचारही आहे. उत्तर युरोपातल्या देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० ते ४० बैठकांनंतर रुग्णांचा मूत्राशयाचा त्रास कमी झाल्याचे दिसले. तशी यंत्रणा मोठ्या शहरांतच मिळते, म्हणून आज त्याच्या मागे लागू नका, पण नोंद ठेवा.

गोळीबद्दल : ती स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंट कधी बसवला, कोणत्या प्रकारचा आहे आणि एक गोळी चालू आहे की दोन, यावर सगळे अवलंबून असते. हृदयाच्या डॉक्टरांकडून गोळी किती दिवस आधी थांबवावी आणि कधी पुन्हा सुरू करावी, हे लेखी घ्या, आणि तो कागद पुण्याला जाताना एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा.